चव्हाट्याची राखण

दळणवळणाचा कोणताहि नवा मार्ग खुला झाला, कीं त्यावरून प्रथम निरोप जातात आणि निरोपांच्या मागोमाग जाहिराती जातात. इ. स. १८६४ च्या मे महिन्यांत लंडनमधील कित्येक प्रतिष्ठित गृहस्थांच्या दारीं तारेचा जासूद येऊन उभा राहिला. दारीं तार आली म्हणजे छातींत धस्स व्हावें, असा तो काळ. पण पाकीट फोडून पाहतात तों आंत एका दंतवैद्याच्या पेढीची जाहिरात! अशा एका संतप्त गृहस्थाचें पत्र 'टाइम्स'नें छापिलें. मात्र त्या दंतवैद्यांस प्रत्येक तारेचे पैसे मोजावे लागले होते, आणि त्यामुळें उपद्रवास आपोआप मर्यादा पडली होती. ही मर्यादा जेथें नाहींशी झाली, तेथून प्रस्तुत इतिहासास आरंभ होतो.

तो यूजनेट नांवाच्या चर्चाव्यवस्थेंत जितका स्पष्ट दिसतो, तितका अन्यत्र क्वचितच दिसेल. १९७९ सालीं अमेरिकेंतील ड्यूक विद्यापीठांतील टॉम ट्रस्कॉट व जिम एलिस ह्या दोन विद्यार्थ्यांनीं ती योजिली आणि १९८० मध्यें ती चालूं झाली. एका संगणकानें आपल्याकडील मजकुराची प्रत दुसऱ्यास द्यावी, दुसऱ्यानें तिसऱ्यास द्यावी, आणि अशा रीतीनें एकाचें लिहिणें सर्वत्र पोंचावें, एवढीच तिची रचना. पुढें गणितापासून पाककलेपर्यंत हजारों विषयांचे चर्चागट तींत निघाले. ह्या चव्हाट्यास मालक नव्हता, पाटील नव्हता आणि पहारेकरीहि नव्हता. लिहिणाऱ्यास खर्च जवळजवळ नव्हताच; तो पडे मजकूर साठविणाऱ्या संस्थांवर आणि वेळ घालवून वाचणाऱ्या लोकांवर. लिहिणारीं माणसें होतीं, तोंवर हें निभावलें. कारण माणूस थकतो, लाजतो, आणि चार शेजाऱ्यांनीं टोकलें तर बहुधा गप्प बसतो. यंत्राचें तसें नाहीं.

ह्याचा मोठा प्रत्यय १९९३ सालच्या मार्चच्या ३१ तारखेस आला, आणि तोहि एका राखणदाराच्याच हातून. निनावी लेखकांच्या अनुचित मजकुरास आळा बसावा, ह्या हेतूनें रिचर्ड डेप्यू ह्या गृहस्थानें एक आज्ञावली रचिली होती. तींत चूक राहून गेली आणि ती स्वतःच्याच संदेशांस उत्तरें देत सुटली! एकाच चर्चागटांत सुमारें दोनशें संदेश ओळीनें येऊन पडले. प्रत्येकाचें शीर्षक आधींच्याहून लांब. ह्या प्रसंगास लोकांनीं 'स्पॅम' म्हटलें. स्पॅम हें १९३७ पासून विकल्या जाणाऱ्या डबाबंद मांसाचें नांव. 'मॉंटी पायथन' ह्या ब्रिटिश विनोदी मंडळींच्या १९७० मधील एका प्रहसनांत उपाहारगृहांतील बहुतेक पदार्थांत तेंच मांस असतें, आणि त्या एका शब्दाच्या घोषांत बाकीचें सारें बोलणें बुडून जातें. म्हणजे ह्या शब्दानें निषेध होतो तो मजकुराच्या वाईटपणाचा नव्हे, तर पुनरुक्तीचा. पुढील विवेचनासाठीं ही गोष्ट ध्यानांत ठेवणें अवश्य आहे.

ह्याच सुमारास दुसरी एक आज्ञावली 'टर्की' हा शब्द दिसेल तेथें आर्मेनियन लोकांच्या कत्तलीचा इतिहास उलटा फिरविणारा मजकूर नेऊन टाकीत असे. इंग्रजींत ह्याच नांवाचा एक पक्षी आहे आणि अमेरिकेंत तो सणावारीं खातात. त्यामुळें मेजवानीच्या चर्चेंतहि तो मजकूर येऊन आदळे. मग १२ एप्रिल १९९४ रोजीं फिनिक्स येथील लॉरेन्स कँटर व मार्था सीगल ह्या वकील दांपत्यानें अमेरिकेंतील कायम वास्तव्याच्या परवान्यांच्या सोडतीची जाहिरात एका आज्ञावलीच्या साहाय्यानें साडेपांच हजारांहून अधिक चर्चागटांत टाकिली. प्रत्येक गटांत निराळी प्रत असल्यामुळें वाचक जेथें जाई तेथें तीच जाहिरात पुढें उभी! निषेधाच्या पत्रांचा असा पूर लोटला, कीं त्या दांपत्यास जोडणी पुरविणाऱ्या कंपनीचा संगणक वारंवार कोलमडला. उभयतांस पश्चात्ताप झाला नाहीं. उलट ह्या युक्तीवर त्यांनीं पुस्तक लिहिलें. १९९७ मध्यें टेनेसी राज्यानें कँटर ह्यांची सनद काढून घेतली; तिच्या कारणांत ही जाहिरातहि होती.

आतां प्रश्न असा, कीं ज्या चव्हाट्यास धनी नाहीं तेथला कचरा कोणी व कोणत्या अधिकारानें काढावा? आपलाच लेख मागें घेण्याची सोय यूजनेटमध्यें होती. तिचा उपयोग करून नॉर्वेचे आर्न्ट गुलब्रान्सन ह्यांनीं परक्यांच्या जाहिराती पुसणारी आज्ञावली सोडली. 'कॅन्सलमूस' असें टोपणनांव धारण करणाऱ्या एका अज्ञात व्यक्तीनेंहि तेंच काम अंगावर घेतलें. उपद्रव कमी झाला. पण विचारी लोक धास्तावले. आज जाहिरात पुसणारा हात उद्यां मत पुसणार नाहीं कशावरून? ही धास्ती पोकळ नव्हती. सायंटॉलॉजी ह्या पंथावर जेथें टीका चाले, त्या गटांतील लेख ह्याच साधनानें नाहींसे होऊं लागले.

ह्यावर निघालेला तोडगा मला ह्या साऱ्या इतिहासांतील अत्यंत शहाणपणाचा भाग वाटतो. मजकूर काय आहे हें पाहावयाचेंच नाहीं. केवळ किती वेळां आला तें मोजावयाचें! सेथ ब्राइडबार्ट ह्यांच्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या ह्या गणितांत प्रत्येक प्रत जितक्या गटांत गेली, त्या संख्येचें वर्गमूळ काढून सर्व वर्गमुळांची बेरीज करीत. पंचेचाळीस दिवसांत ती वीसावर गेली, तर लेख पुसण्यास हरकत नसे. वीस गटांत वीस निरनिराळ्या प्रती टाकल्या तर बेरीज वीस. एकच प्रत वीस गटांत मिळून टाकली तर अवघी साडेचार. धर्मोपदेश असो, व्यापार असो, राजकारण असो. गर्दी मोजावी, मत मोजूं नये, हा तो न्याय.

नंतरचे उपाय थोडक्यांत सांगतां येतील. वांकडीं अक्षरें ओळखण्याचें 'कॅप्चा' हें कोडें यंत्रास अडविण्यासाठीं निघालें. पण त्यानें प्रथम अडविलें तें अंध व मंददृष्टि माणसांस. २०१० च्या सुमारास हजार कोडीं डॉलरभर किंवा त्याहूनहि कमी दरानें सोडवून देण्याचा धंदा चालूं होता, आणि तीं सोडविणाऱ्यांत भारतांतलेहि लोक होते. यंत्रासाठीं बांधलेली भिंत अशा रीतीनें गरीब माणसाच्या श्रमानें फोडली जात होती.

असो. ब्राइडबार्टचा न्याय उभा होता तो यंत्र एकच वाक्य घोकतें ह्या गृहीतावर. आजचीं भाषायंत्रें प्रत्येक खेपेस निराळें, सुबक आणि प्रसंगास साजेल असें लिहितात. मोजावयास पुनरुक्तीच उरली नाहीं. संगणकशास्त्राच्या प्रश्नोत्तरांच्या 'स्टॅक ओव्हरफ्लो' ह्या सुप्रसिद्ध चर्चापीठानें डिसेंबर २०२२ मध्यें यंत्रलिखित उत्तरांस बंदी केली, ती ह्याचमुळें: उत्तर क्षणांत लिहून होई, दिसावयास बरोबर दिसे, आणि तें तपासण्यांत स्वयंसेवकांचा जीव मेटाकुटीस येई. खुद्द यूजनेटची गत काय झाली? २२ फेब्रुवारी २०२४ पासून गूगलनें तेथील नवा मजकूर आपल्या गटांत दाखविणें बंद केलें. दिलेल्या कारणांत स्पॅम हें एक होतें.

मजकूर मोजतां येत नाहीं, म्हणजे आतां लिहिणारा कोण हेंच पाहणें आलें. पुष्कळ चर्चापीठें ओळख मागूं लागलीं आहेत, ओळखीच्यांपुरतींच दारें उघडूं लागलीं आहेत. त्यांस दोष देववत नाहीं. राखणदारालाहि थकवा आहे. परंतु ज्या चव्हाट्यावर कोणींहि परक्या गांवच्या माणसानें नांवगांव न सांगतां उभें राहावें आणि चार शहाण्यांनीं त्याचें ऐकून घ्यावें, तो चव्हाटा ह्यांत हरपतो. यंत्राच्या बडबडीचा दंड शेवटीं भरतो तो हा अनोळखी, प्रामाणिक माणूस. आणि तो निमूटपणें परत गेला, हें आपणांस कळतहि नाहीं.