नदीच्या वळणातली गोधडी

गोधडी आपल्या घरोघरी असते. आज अशाच गोधड्यांच्या एका दूरच्या गावाची गोष्ट सांगते. अमेरिकेत अलाबामा राज्यात विलकॉक्स काउंटी आहे. काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग. तिथे अलाबामा नदी मोठं वळण घेते, तीन बाजूंनी पाणी. त्या वळणात जीज बेंड हे काळ्या शेतकऱ्यांचं गाव. त्यांचे पूर्वज तिथल्याच कापसाच्या मळ्यावर गुलाम होते. आजही कितीतरी घरांचं आडनाव पेटवे, म्हणजे जुन्या मालकाचंच.

गुलामी संपली तरी जमीन मालकाचीच राहिली. कसायचं खंडाने आणि जगायचं उधारीवर. १९३२ साली उधारी देणारा व्यापारी वारला आणि त्याच्या बायकोने सगळं येणं एकदम मागितलं. माणसं आली, जनावरं, अवजारं, साठवलेलं धान्यसुद्धा उचलून घेऊन गेली. बाईनेच बायकांच्या चुली विझवल्या, हे मला फार लागतं.

पुढे सरकारने मळा विकत घेतला आणि १९४० नंतर तीच जमीन कुळांना हप्त्यांनी विकली. ही गोष्ट लक्षात ठेवा.

थंडी कडक, पांघरूण विकत घ्यायला पैसा नाही. बायका शेतातले विटके, फाटके कपडे जोडून गोधड्या शिवत. मिसूरी पेटवे यांचा नवरा गेला तेव्हा, १९४२ साली, त्यांनी त्याच्या कामाच्या कपड्यांची गोधडी केली, त्याची आठवण अंगावर घ्यायला.

काउंटीत काळे लोक जास्त, पण १९६५ च्या सुरुवातीला मतदार यादीत त्यांचं एकही नाव नव्हतं. नाव नोंदवायला नदीपलीकडे कॅमडेनला जावं लागे. लोक जाऊ लागले आणि १९६२ साली नदीवरची नाव बंद झाली. समोर दिसणारं गाव रस्त्याने साठ किलोमीटरच्या पुढे गेलं. तरी लोक गेलेच. पायाखालची जमीन स्वतःची होती, कोण हाकलणार? काउंटीत इतरत्र मात्र नाव नोंदवलं म्हणून कुळांना घराबाहेर काढलं.

१९६६ साली जीज बेंड आणि आसपासच्या बायकांनी 'फ्रीडम क्विल्टिंग बी' हा गोधड्यांचा सहकारी गट उभारला. गोधड्या न्यूयॉर्कपर्यंत विकल्या. मिळकतीतून गटाने जमीन घेतली, शिवणाची इमारत बांधली आणि काही तुकडे हाकललेल्या कुटुंबांना दिले. गटाने जमीन घ्यायची, हे त्यांना कुणी शिकवलं नसेल, सोसलेलं पुरेसं होतं.

२००२ साली न्यूयॉर्कच्या मोठ्या संग्रहालयात या गोधड्या चित्रांसारख्या भिंतीवर लागल्या. नाव मात्र २००६ साली पुन्हा सुरू झाली, चव्वेचाळीस वर्षांनी. आता ती विजेवर चालते.