अभिस्तर-मध्योती संक्रमण (कर्करोगातील)

अवयवांना आतून-बाहेरून अस्तर धरणाऱ्या पेशी परस्परांची पकड सोडून लांबट व फिरत्या होतात, तो बदल. संक्षेप : ईएमटी. मुळात हे भ्रूणाचे काम आहे. चेहऱ्याची हाडे घडवणाऱ्या पेशी याच रीतीने आपापल्या जागी पोहोचतात. हार्वर्डच्या एलिझाबेथ हे यांनी कोंबडीच्या भ्रूणावरील अभ्यासातून १९८० च्या दशकात ही संकल्पना रुजवली. कर्करोग तीच जुनी जनुकयंत्रणा पुन्हा जागी करतो.

पेशींची पकड मुख्यतः ई-कॅडहेरिन या प्रथिनामुळे टिकते. स्नेल हे नियामक प्रथिन त्याच्या जनुकाच्या आरंभभागाला चिकटून ते जनुक गप्प करते, हे स्पेनमधील दोन गटांनी २००० मध्ये दाखवले. २००४ मध्ये रॉबर्ट वाइनबर्ग यांच्या प्रयोगशाळेत उंदरांच्या स्तनगाठींतील ट्विस्ट हे नियामक दाबल्यावर फुप्फुसांतला प्रसार घटला. झेब नियामक आणि मिर-२०० हे सूक्ष्म आरएनए एकमेकांना दाबतात. पारडे कोणाकडे झुकते यावर पेशीचे रूप ठरते. गाठीभोवतीच्या पेशींकडून येणारा टीजीएफ-बीटा हा संकेत ते झेबकडे झुकवू शकतो.

या बदलासाठी डीएनएचा क्रम बदलावा लागत नाही, म्हणून तो उलटू शकतो. हेच त्याचे सर्वांत घातक वैशिष्ट्य म्हणावे लागेल. दूरच्या अवयवात नवी गाठ वाढवण्यासाठी पेशीला बहुधा पुन्हा चिकट रूप घ्यावे लागते. ट्विस्ट सतत चालू राहिल्यास वसाहत खुंटते, असे २०१२ मधील उंदरांवरील प्रयोगांत दिसले. संक्रमण नेहमी पूर्णही होत नाही. अर्धवट बदललेल्या पेशी घोळक्यानेही सरकतात. त्यामुळे ‘चालू किंवा बंद’ असे जुन्या पुस्तकांतले वर्णन अपुरे ठरते. प्रसाराला हे संक्रमण अनिवार्य आहे का, यावर २०१५ पासून जोरदार वाद आहे. काही उंदरांत त्याविनाही प्रसार झाला.

महाराष्ट्रात तंबाखूमुळे मुखकर्करोगाचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळतात, म्हणून पुढचा भाग येथे विशेष महत्त्वाचा. डोके-मानेच्या गाठींच्या कडेला अशा अर्धवट बदललेल्या पेशी २०१७ मध्ये आढळल्या आणि मानेच्या लसिकाग्रंथींतील प्रसाराशी त्यांचा संबंध दिसला. त्या प्रसाराची वाट न पाहणे किती महत्त्वाचे, याचा अंदाज मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीवरून येतो : आरंभीच्या मुखकर्करोगात पहिल्याच शस्त्रक्रियेत या ग्रंथी काढलेल्यांपैकी ८० टक्के रुग्ण तीन वर्षांनी हयात होते, मानेत प्रसार दिसेपर्यंत थांबलेल्यांत हे प्रमाण ६७.५ टक्के होते.