पोराच्या हातून गुन्हा घडला तर?

मांजर्लीतल्या एखाद्या घरातून सतरा वर्षांच्या पोराला पोलिसांनी उचललं, तर अम्मी-अब्बूंना वाटतं, याचं आयुष्य संपलं. तसं नाही. बाल न्याय अधिनियम, 2015 प्रमाणे अठराच्या आतला आरोपी ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ असतो. त्याला लॉकअपमध्ये ठेवता येत नाही. प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांत बाल न्याय मंडळापुढे न्यावं लागतं. गुन्ह्याच्या दिवशीचं वय धरतात, म्हणून शाळेचा दाखला आधी शोधा. वकील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत मिळतो.

मंडळ समज देऊन सोडू शकतं, समाजसेवा किंवा दंड लावू शकतं (दंड आईबापांनाही!), किंवा जास्तीत जास्त तीन वर्षं विशेष गृहात ठेवू शकतं. सोळा पूर्ण झालेल्याने निर्घृण गुन्हा केला असेल, तर तपासणीनंतर प्रौढासारखा खटला चालू शकतो; तरी फाशी नाही.

मे 2024 मध्ये पुण्यात पोर्शेखाली दोन तरुण जीव गेले आणि जामिनाला 300 शब्दांच्या निबंधाची अट आली. लोक चिडले, ते बरोबरच. पण जुलै 2025 मध्ये मंडळाने प्रौढ म्हणून खटला नाकारला, तो याच कायद्याने. गरिबाच्या पोरालाही तोच कायदा आहे.

शरीअतमध्ये जबाबदारी बुलूगपासून. कायद्यात अठराची रेषा. मात्र हुकूकुल इबाद नुसत्या तौबाने फिटत नाहीत, ज्याचं नुकसान केलं त्याची भरपाई आणि माफी लागते. पोराला हे घरातच सांगायला हवं.

आणि त्याचा फोटो ग्रुपवर टाकू नका. ओळख उघड करणं हाच गुन्हा आहे: सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.