तुळशीवाडीतलं तीनशे रुपयांचं घर

मी बोलतोय गोरेगावातून. थांबा, मुंबईचं नाही. आमचं गोरेगाव हिंगोली जिल्ह्यातलं, सेनगाव तालुक्यातलं. मोबाइलवर नाव टाकलं की नकाशा आधी मुंबईलाच नेतो. तसंही 1972 च्या दुष्काळात मराठवाड्यातली कितीतरी माणसं तिकडंच गेली. माझी मोठी आत्या त्यातलीच. तिचा संसार दहा वर्षं माहीमच्या फुटपाथवर होता.

चार बांबू, वर मेणकापड, आडोशाला जुनं लुगडं. अंघोळ पहाटे उजाडायच्या आत, कारण बाईमाणसाला आडोसा फक्त अंधाराचा. पाणी जवळच्या हॉटेलातून, तेही त्यांची भांडी घासून दिल्यावर. स्वतःची भांडी मात्र कायम बोचक्यात बांधलेली. का? आत्या म्हणायची, "गाडी कवा यील सांगता येतंय का बाबा?" गाडी म्हणजे झोपड्या तोडणाऱ्यांची.

13 जुलै 1981. मुख्यमंत्री बॅरिस्टर अंतुले यांनी जाहीर केलं की फुटपाथवरच्या लोकांना हटवून आपापल्या गावी पाठवायचं. ऐन पावसाळ्यात! पत्रकार ओल्गा टेलिस आणि फुटपाथवरची काही माणसं सुप्रीम कोर्टात गेली. या खटल्याचं निकालपत्र मी मोबाइलवर वाचलं. कायद्याचा कागद वाचताना घशात आवंढा येईल असं वाटलं नव्हतं.

त्यात एक चांभार आहे, संगमनेरचा. गावात दिवसाला सात-आठ रुपये कमाई, त्यात घर पडलं. 1969 ला मुंबईत आला, बदली कामगार झाला, महिना 350 रुपये. तुळशीवाडीच्या फुटपाथवर जागा मिळवायला तिथल्या गुंडाला 300 रुपये दिले. बांबू आणि प्लॅस्टिकला 700. म्हणजे फुटपाथसुद्धा फुकट नव्हता, बरं का! दुसरं कुटुंब तमिळनाडूतल्या सेलमचं. 23 जुलैला झोपडी पाडून त्यांना बसमध्ये बसवून दिलं. बायको-मुली तिकडंच राहिल्या, नवरा कामासाठी परत आला. पुन्हा फुटपाथवर.

10 जुलै 1985 ला निकाल लागला. सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांच्या पाच जणांच्या खंडपीठानं सांगितलं, जगण्याच्या हक्कात पोट भरण्याचा हक्क येतो. वकिली शिकणारी पोरं हे वाक्य आजही पाठ करतात. पण त्याच निकालात पुढं आहे की फुटपाथ अडवायचा हक्क कुणालाच नाही. हटवता येईल, फक्त 31 ऑक्टोबरपर्यंत थांबा. मला विचाराल तर पहिलं वाक्य पुस्तकात गेलं आणि दुसरं रस्त्यावर.

त्याच वर्षी स्पार्क संस्थेनं भायखळा भागात सुमारे 6,000 फुटपाथवरची कुटुंबं मोजली. पुढच्या वर्षी तिथल्या बायकांनी महिला मिलन उभं केलं.

आत्याला मी निकाल समजावून सांगितला. तिनं सगळं ऐकून घेतलं, सुपारी कातरली.

"मंग आपण जितलो का हरलो रं?"

मला सांगता आलं नाही. तुमच्या घरात असं मुंबईला राहून आलेलं कुणी असेल, तर फोन काढा आणि त्यांचा आवाज रेकॉर्ड करून पाठवा. पुढच्या भागात ऐकवीन.