चऱ्होलीच्या वाटेवरील संघव्यवस्थापन : पालखी सोहळ्याची रचना

व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमात संघकार्याचा इतिहास बहुधा कारखान्यापासून सुरू होतो. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली. तेथूनच या पट्ट्यातील संघटित कामाची परंपरा मोजण्याची आपल्याकडे सवय आहे. मात्र १९९७ मध्ये महापालिकेत समाविष्ट झालेल्या चऱ्होलीत, आळंदी-पुणे मार्गावर, थोरल्या पादुकांचे मंदिर आहे. आळंदीहून निघालेली ज्ञानेश्वर महाराजांची पालखी येथे आरतीसाठी थांबते. या सोहळ्याची रचना हा संघव्यवस्थापनाचा जुना आणि आजही चालू असलेला दाखला होय.

आरफळचे हैबतबाबा ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी होते. १८३२ च्या सुमारास त्यांनी हा स्वतंत्र सोहळा सुरू केला आणि वारीला लष्करी शिस्त दिली. रथापुढे २७ दिंड्या, उरलेल्या मागे, प्रत्येकीचा क्रम ठरलेला. घोडे व तंबू अंकलीच्या शितोळे सरकारांकडे.

सर्वांत लक्षणीय आहे ती समाजआरती. मुक्कामाच्या तळावर दिंड्या गोलाकार उभ्या राहतात. चोपदाराने दंड उंचावताच टाळ थांबतात; जिची तक्रार असेल ती दिंडी मात्र टाळ वाजवीतच राहते. चोपदार तिच्यापाशी जाऊन गाऱ्हाणे ऐकतो, त्याची दखल घेतली जाते. तोवर अवघा समाज थांबून असतो. (आपल्या महाविद्यालयीन तक्रार-समित्यांना ही तातडी क्वचितच साधते.) हरवल्या-सापडल्या वस्तू आणि दुसऱ्या दिवशीच्या प्रस्थानाची वेळही येथेच पुकारली जाते.

तथापि टाळ वाजवून दाद मागते ती दिंडी, सुटा वारकरी नव्हे. औद्योगिक पट्ट्यातील कंत्राटी कामगाराची स्थिती या अंगाने तपासण्याजोगी आहे.