मॉडेल १९ची पातळ कड

स्मिथ अँड वेसनने १९५५ साली आणलेल्या ‘कॉम्बॅट मॅग्नम’वर, म्हणजे पुढच्या मॉडेल १९वर, जुन्या रिव्हॉल्व्हरांचे चाहते आजही जीव टाकतात, आणि ते योग्यच आहे. .३५७ मॅग्नम काडतूस १९३५पासून होते, पण ते झाडणारे रिव्हॉल्व्हर अवजड. दिवसभर कमरेला बाळगता येईल असे हलके हत्यार अमेरिकी सीमा गस्ती दलातील बिल जॉर्डन यांनी मागितले. कंपनीने त्यासाठी मध्यम आकाराची ‘के’ फ्रेम घेतली. मर्यादा आली ती तिथेच. चक्राच्या जोडणीला जागा मिळावी म्हणून नळीच्या मागच्या तोंडाची खालची कड सपाट कापावी लागली आणि तेवढी ती पातळ झाली. १२५ ग्रेनच्या हलक्या, वेगवान गोळ्यांची जोरदार काडतुसे सतत झाडली की तडा जाई तो नेमका या कडेला.

ही रचनाच सदोष होती, हे मला पटत नाही. सराव त्याच हत्यारात चालणाऱ्या, कमी जोराच्या .३८ स्पेशल काडतुसांवर करायचा आणि मॅग्नम प्रसंगापुरते ठेवायचे, अशी तेव्हाची रीत होती. पोलिसांनी सरावही मॅग्नमवर सुरू केला तेव्हा हिशेब बदलला. मात्र ‘गैरवापर झाला’ एवढे म्हणून चाहत्यांचीही सुटका नाही. ज्या काडतुसाच्या नावाने हत्यार विकले, ते त्याने पचवायलाच हवे. १९८०च्या सुमारास काढलेली जाड ‘एल’ फ्रेम ही कंपनीची त्याबाबतची कबुलीच होती. तरीही मॉडेल १९ पुढे १९९९पर्यंत बनत राहिले, कारण कमरेवरचे वजन ‘एल’ फ्रेमने पुन्हा वाढवले होते.