फोटोच्या आयुष्याचे गणित

२००१ साली आमच्या इंदूरच्या वाड्याच्या वाटण्या झाल्या, तेव्हा पणजोबांच्या एकमेव फोटोवर तीन घरांनी हक्क सांगितला. तोडगा म्हणून एका दुकानातून इंकजेट यंत्रावर तीन प्रती काढून घेतल्या. दुकानदाराने शंभर वर्षांची ग्वाही दिली, आणि कसरीने खाल्लेली मूळ प्रत पुढे कोठे गेली याची कोणी चौकशीही केली नाही. वर्षभरातच धाकट्या काकांकडील, काचेविना भिंतीवर लावलेल्या प्रतीत पणजोबांचा काळा कोट नारिंगी दिसू लागला!

फोटो विटण्याची चिंता मात्र फोटोइतकीच जुनी. १८५५ साली लंडनच्या फोटोग्राफिक सोसायटीने याच कारणासाठी समिती नेमली आणि राणी व्हिक्टोरियाचे पती प्रिन्स अल्बर्ट यांनी तिला ५० पौंड दिले. कागदात राहिलेले हायपो, दमट हवा आणि हवेतील गंधकयुक्त वायू हे दोषी ठरले. हवेकडे बोट दाखविणारा हा निष्कर्ष पुढच्या मंडळींनी ध्यानात ठेवावयास हवा होता.

इंकजेटच्या काळात या परीक्षेचे नाव झाले ते अमेरिकेतील आयोवा राज्याच्या ग्रिनेल गावी राहणाऱ्या हेन्री विल्हेल्म यांच्यामुळे. रंगीत फोटोंच्या टिकाऊपणावरील त्यांचा ग्रंथ १९९३ साली निघाला. शंभर वर्षे वाट पाहणे कोणालाच शक्य नाही. म्हणून नमुना प्रखर दिव्याखाली ठेवावयाचा, रंगाची घनता वारंवार मोजावयाची आणि ठरावीक मर्यादेपर्यंत फिकेपणा आला की त्रैराशिक मांडावयाचे. घरात रोज १२ तास ४५० लक्स उजेड पडतो असे त्यांनी धरले. प्रयोगशाळेत ३५,००० लक्सचा दिवा अहोरात्र जळाला, तर तेथील एक दिवस घरातील सुमारे पाच महिन्यांचा होतो. कोडॅकने मात्र घरचा उजेड १२० लक्स धरला. तेवढ्याने तोच फोटो कागदोपत्री पावणेचारपट दीर्घायुषी झाला! सरकारी नोकरीत अंदाजपत्रके तपासताना गृहीतक बदलले की बेरीज कशी पालटते, हे आम्ही पुष्कळ पाहिले आहे.

शिवाय मंद उजेड पुष्कळ दिवस आणि प्रखर उजेड थोडे दिवस, यांचा परिणाम नेहमी सारखा नसतो. त्याहून मोठी चूक २००० साली उघड झाली. दिव्याच्या परीक्षेत उत्तम ठरलेले काही चकचकीत कागदांवरील फोटो ग्राहकांच्या घरी काही आठवड्यांत वा महिन्यांत नारिंगी पडू लागले. लवकर वाळावे म्हणून त्या कागदावर सूक्ष्म छिद्रांचा थर होता. त्यातून हवेतील ओझोन शिरून निळसर रंग नष्ट करी व उरत लाल-पिवळा. दिव्याने परीक्षा झाली, हवेने झालीच नव्हती. पुढे ओझोनच्या वेगळ्या चाचण्या आल्या, आणि विरघळणाऱ्या रंगाऐवजी कणरूप रंगद्रव्याची अधिक टिकाऊ शाई घरगुती यंत्रांतही आली. काकांची प्रत त्यापूर्वीच्या शाईची असावी.

आमची प्रत काचेमागे असल्याने नारिंगी झाली नाही, पण फिकट झाली. गेल्या दिवाळीत चौकट उघडली, तो माउंटखाली झाकलेल्या बोटभर पट्टीत कोटाची बाही अजून काळीभोर! तिसरी प्रत ग्वाल्हेरला आत्यांच्या ट्रंकेत, कागदात गुंडाळलेली आहे, असे त्यांच्या सूनबाई सांगतात. उजेड नाही, वारा नाही. मार्गशीर्षात आम्ही ती पाहावयास जाणार आहोत.